पिकदाणीचं वजन

मेळाच्या दिवशी चाखायच्या खोलीत सगळ्यात आधी ताई यायची आणि सगळ्यात शेवटी जायचीही तीच. मधल्या वेळात मानाचं जे काही असेल ते दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला यायचं. सात वर्षं हेच चाललं होतं, आणि सात वर्षं ताईच्या पोटात दुखत होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. दुखणं जुनं झालं की विचारपूस करायला कोणी येत नाही, तसलाच प्रकार.

वाइनच्या चौदा पिंपांतल्या चौदा नमुन्यांचे पेले तिनं पांढऱ्या टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकात वीस मिलीलीटर, मापानं, ना थेंब कमी ना थेंब जास्त. खिडकीजवळ चाखणाऱ्याची ती खुर्ची होती. आजोबा तिच्यात बसले, मग बाबा बसले. सात वर्षांपूर्वी बाबांना ताप आला, त्यात त्यांचं नाक गेलं. वासच येईना, मग चव कुठली? तेव्हा बाबांनी सगळ्या कारखान्याची परीक्षा घेतली, डोळे बांधून, वीस पेल्यांची. ताईचे एकोणीस बरोबर आले. बाटल्या धुणाऱ्या एका पोरीचे वीसच्या वीस. वर ती पोर म्हणाली, "नवव्या पेल्याच्या पिंपाचं झाकण बदला, बुरशीचा वास येतोय." झाकण काढलं तर खरंच बुरशी. बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, आणि वर्षभरात ताईच्या भावानं तिच्याशी लग्न करून तिला घरातही बसवलं. म्हणजे एका पेल्यापायी ताईची खुर्ची गेली आणि भाऊही गेला, असा ताईचा हिशोब होता.

तर मेळ. चौदा पिंपांतली कुठली वाइन कुठल्या वाइनमध्ये किती घालायची ते त्या दिवशी ठरायचं. ठरलं की चाखणाऱ्यानं त्या मेळाचा अर्धा पेला सगळ्यांदेखत गिळायचा. गिळला की वर्षाची वाइन पक्की. आधीच्या तीन आठवड्यांत मात्र रोज नुसतं चाखायचं, तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकायचं, पेल्यात उरलेलंही तिच्यातच ओतायचं. 'थुंकणाऱ्याला चढत नाही आणि लागतही नाही,' हे आजोबांचं वाक्य. आई तर पाहुण्यांना छातीठोकपणे सांगायची की आमच्या घरात कोणी थेंबाला शिवत नाही. तिला ते मनापासून खरं वाटायचं.

ताईनं पितळेची पिकदाणी वजनकाट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि खिशातल्या लहान वहीत टिपला. हे तिचं गुपित होतं. तीन आठवडे, अठरा बैठका, रोज चाखण्याआधी आणि चाखल्यानंतर ती पिकदाणी तोलत होती. का, तर धाकटी, म्हणजे ती भावजय, गिळते असा तिला संशय होता. गिळते, चढते, आणि चढलेल्या जिभेवर अख्खा कारखाना विसंबून आहे, असं एक दिवस बाबांच्या पुढ्यात वही आपटून सांगायचं होतं तिला. मनातल्या मनात तिनं ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्यातली मजाही गेली होती.

आकडे निघाले होते मात्र. रोज दोनशे ऐंशी मिलीलीटर ओतलं जायचं आणि पिकदाणीत दोनशे पंधराच्या आसपास यायचं. पासष्ट कुठे गेलं? पेल्याला चिकटून राहतं ते तिनं वजा केलं. लाळ मिसळते, म्हणजे खरी तूट पासष्टाहून जास्तच. न्यायाला धरून तिनं एकदा स्वतःवरही प्रयोग केला, एक थेंबही गिळायचा नाही अशी शपथ घेऊन. तरी पंचवीस मिलीलीटर गायब! हे तिला मुळीच आवडलं नव्हतं. तरी तिनं तेही लिहून ठेवलं होतं.

आणि यंदा धाकटीचं नाक म्हणजे काय विचारता! तळघरात पिंपवाले काका बिडी विझवून आले तर ही वरच्या जिन्यावरून सांगायची. बाबा खूश. "असं नाक मी जन्मात पाहिलं नाही," असं ते येईल त्याला सांगत सुटले. ताईचा नुसता जळफळाट. हिचं नाक एवढं वाढलं कशानं, याचा विचार करत ती रात्ररात्र जागायची, आणि परवा एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटीनं कॉफीचा कप तोंडाशी नेला, तसाच खाली ठेवला आणि रुमाल दाबून बाहेर पळाली.

काल ताई दवाखान्यात जाऊन आली. "मैत्रिणीसाठी विचारतेय," म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून ताईच्या पोटाकडे पाहिलं. ताईचं वय चव्वेचाळीस. "मैत्रिणीसाठीच हो!" ताई ओरडलीच.

*

धाकटी मोरीत तोंड धूत होती. आरशात मागे ताई दिसली तसा तिनं नळ बंद केला.

"किती दिवस झाले?" ताईनं विचारलं.

"कशाला?"

"माझ्याशी सोंग नको. कॉफी, साबण, जिन्याचा रंग, कशाचाच वास तुला सोसत नाहीये."

धाकटीनं दार लोटून घेतलं. या बाईपासून काही लपायचं नाही, हे तिला कळायला हवं होतं. सात वर्षं ताईचे डोळे तिच्या पाठीला चिकटलेलेच होते.

"दहावा आठवडा," ती म्हणाली. "मला कळून बारा दिवस झालेत. ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. ताई, आजचा दिवस जाऊ द्या, संध्याकाळी मी स्वतः सांगते सगळ्यांना."

"आज अर्धा पेला गिळायचाय तुला."

"अर्धाच."

"आणि रोजचं काय?"

"रोजचं मी थुंकते! थुंकणाऱ्याला लागत नाही, तुमच्याच आजोबांचं वाक्य आहे ना?"

"आजोबांच्या पोटात मूल नव्हतं," ताई म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलं. पोटुशीनं दारूचा एक थेंबही घ्यायचा नाही. वाइन असो, बियर असो. आईच्या रक्तातून ती थेट बाळाला जाते. इतकी चालते असं माप अजून कोणाला सापडलेलं नाही."

धाकटीचा हात पोटाशी गेला. पण ज्या तोंडून ते ऐकलं त्या तोंडाकडे तिनं पाहिलं, आणि ती भडकली.

"तुम्ही विचारलंत? माझ्यासाठी? सात वर्षांत मला बरं वाटत नाहीये का म्हणून तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि एकदम दवाखाना? खुर्ची हवीये तुम्हाला, सरळ म्हणा ना."

"खुर्ची तर हवीच आहे."

"बघा!"

"मी नाही कुठे म्हणतेय? पण डॉक्टर म्हणाल्या ते खोटं नाही."

"तुम्ही मुलगी आहात या घरची," धाकटीचा आवाज फुटला. "काही केलंत तरी तुम्हाला कोणी बाटल्या धुवायला पाठवणार नाही. मी कोण? मी नाक आहे नुसतं. नाक खुर्चीत बसायचं बंद झालं की माझं काय उरतं इथे? तुम्ही एकदा त्या खुर्चीत बसलात की उठणार आहात का? खरं सांगा."

ताईनं खरं सांगितलं नाही. नळाला लोंबणारा थेंब तिनं बोटानं टिपला. धाकटी तोंड पुसून बाहेर पडली. सात वर्षं हिचा हेवा करणाऱ्या ताईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की धाकटीही तिचा तेवढाच हेवा करत होती.

*

अकराला सगळे जमले. बाबा काठी टेकत आले. भाऊ आला, म्हणजे धाकटीचा नवरा. विक्री तो बघायचा, त्यामुळे नमस्कार करण्याआधीच हसायची त्याला सवय. पिंपवाले काका दारातच उभे राहिले. आईनं कोपऱ्यातली खुर्ची धरली.

आईचं लक्ष वाइनकडे कधीच नसायचं. ती माणसं बघायची. आज लेकीचा चेहरा तिला चांगला दिसत नव्हता. ताई कोट घालून उभी होती आणि खिशात काहीतरी घट्ट धरून होती. लहानपणी भावाचं खेळणं लपवलेलं असलं की ती अशीच उभी राहायची. आईनं मनाशी म्हटलं, आज ही काहीतरी करणार. आणि सुनेचा चेहराही उतरलेला. या दोघींच्या मध्ये आपली सात वर्षं गेली, असं आईला वाटलं. इकडे आड तिकडे विहीर. लेकीची बाजू घ्यावी तर मुलगा रुसतो, सुनेची घ्यावी तर लेक आठ दिवस जेवायला खाली येत नाही.

धाकटी खुर्चीत बसली. चौदा पेल्यांचा वास घेऊन झाला. तिनं कागदावर प्रमाण लिहिलं, ताईनं मोजून मेळ तयार केला आणि अर्धा पेला तिच्यापुढे ठेवला.

"घे पोरी," बाबा म्हणाले. "तुझ्या नाकाला यंदा देवसुद्धा नावं ठेवणार नाही."

धाकटीनं पेला उचलला.

"थांब," ताई म्हणाली.

या क्षणी कोणी बोलायचं नसतं. बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "काय आहे?"

ताईनं वही टेबलावर ठेवली. आपटायची असं तिनं ठरवलं होतं, पण हातातून ती हळूच सुटली. "तीन आठवडे मी पिकदाणीचं वजन करतेय. रोज पासष्ट मिलीलीटर वाइन पिकदाणीत येतच नाही. अठरा बैठका. दीड बाटलीहून जास्त होते. थुंकलं तरी पोटात जातं, बाबा."

मग भाऊ हसला, पण विक्रीचं हसणं नव्हतं ते. "तू माझ्या बायकोची थुंकी तोलत होतीस?"

"हो."

"लाज नाही वाटत? चोरावर पाळत ठेवतात तशी?"

"अगं बाई," आई म्हणाली, "ही काय नसती उठाठेव? पिकदाणी का कोणी तोलतं!"

"जळतेस तू!" भाऊ आता ओरडतच होता. "पहिल्या दिवसापासून जळतेस. ती बाटल्या धुणारी, आणि तुला हरवून बसली, हे गिळवत नाहीये तुला!"

"हो, जळते," ताई म्हणाली. "सात वर्षं जळतेय. सकाळी उठल्या उठल्या जळते. बाबा तिला पोरी म्हणतात तेव्हा जळते, कारण मला त्यांनी तशी हाक मारून किती वर्षं झाली ते त्यांना विचार. ही वही मी तिला उठवायलाच लिहायला घेतली. खोटं कशाला बोलू? पण परवापासून या आकड्याचा अर्थ बदललाय. काय बदललाय ते मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. ती सांगेल. नाही सांगितलं तर मी वही घेऊन जाते, आणि तुम्ही मला हवं ते म्हणा."

बाबांनी काठीनं वही मागे ढकलली. "घेऊन जा मग. मेळाच्या दिवशी असला घाणेरडेपणा या घरात कोणी केला नव्हता."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वहीला हात घातला, तर त्या वहीवर आधीच दुसरा हात होता.

*

धाकटी आकडे वाचत होती. शाळा तिची फार झाली नव्हती, पण मिलीलीटर तिला पाठ होते. चौसष्ट. अडुसष्ट. सहासष्ट. प्रत्येक ओळीपुढे तारीख. चिडलेल्या माणसानं दाबून लिहिलेलं अक्षर, पान मागून उमटलेलं. एका तारखेला ती आपल्या बोटानं थांबली. त्याच दिवशी दुपारी तिला कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही अडुसष्ट. म्हणजे कळल्यावरही. तिनं पान उलटलं. शेवटी एक वेगळी ओळ होती: 'मी स्वतः, एक थेंबही न गिळता, पंचवीस.'

ती ओळ तिनं दोनदा वाचली. खोटं लिहायचं असतं तर ही ओळ बाईनं लिहिलीच नसती. जळणाऱ्या माणसानं इतकं खरं का मोजावं, असं तिच्या मनात आलं. आणि मग बाकी सगळं खरंच असणार, हेही आलं.

तिनं पेला खाली ठेवला.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "दहावा आठवडा चालू आहे."

भाऊ आधी बायकोकडे, मग बहिणीकडे, मग परत बायकोकडे बघत राहिला. "मला सांगितलं नाहीस? आणि हिला माहीत होतं?" त्यालाही आता बहिणीचा हेवा वाटत होता, म्हणजे हा आजार घरात कोणालाच सोडत नव्हता. मग तो धावत जाऊन बायकोजवळ बसला. दारात पिंपवाले काकांनी उगाचच टोपी काढली आणि पुन्हा घातली.

आई उठली. "अगं, मग घाबरायचं काय त्यात? अर्ध्या पेल्यानं काय होतंय? तुम्हा दोघांच्या वेळी मीसुद्धा मेळाचा घोट घेतला होता. ही दोघं धडधाकट उभी आहेत ना?"

"मी हेच विचारलं डॉक्टरांना," ताई म्हणाली. "त्या म्हणाल्या, काहींना काही होत नाही. काहींचं वजन कमी भरतं, काहींचा मेंदू कायमचा दुखावतो. शिकणं, लक्ष लागणं, राग आवरणं, सगळंच अवघड होऊन बसतं. कोणाला होईल आणि कोणाला नाही ते आधी कोणी सांगू शकत नाही. आमचं निभावलं, आई. निभावलं म्हणून ते बरोबर होतं असं नाही."

आई खाली बसली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला त्या दोन वर्षांतले ते दोन घोट आठवले, चवीसकट. आणि ते देताना कोणी तिला काही विचारलं नव्हतं, हेही आठवलं.

"माझ्या पोटात गेलं त्याचं काय?" धाकटीनं ताईला विचारलं. इतर कोणाला नाही, ताईलाच. "दीड बाटली. आता काय करू?"

"झालं ते झालं. त्यावर रडत बसायचं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आज थांबलीस तरी बाळाचा फायदा. जेव्हा थांबशील तेव्हापासून फायदा. आणि तिकडे जाऊन खरंखरं सगळं सांगायचं, ही वही घेऊन."

बाबा इतका वेळ काठीच्या मुठीकडे बघत होते. त्यांनी घसा खाकरला. "मग खुर्चीत..." ते म्हणाले, आणि त्यांनी ताईकडे पाहिलं. "मेळ तर आजच व्हायला हवा. बस तू, पोरी."

पोरी!

धाकटी उठली. तिनं खुर्ची ताईकडे वळवली. तिच्या चेहऱ्यावर 'झालं ना तुमच्या मनासारखं' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला ताईला काही चष्मा लागला नाही.

ताईला बसायचं होतं. किती बसायचं होतं म्हणून सांगू! पाय त्या दिशेला वळलेसुद्धा. खुर्चीचे हात झिजून गुळगुळीत झालेले, तिथे आपले हात कसे दिसतील हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. पण आपण बसलो तर डॉक्टरांचं सगळं सांगणं फक्त खुर्चीसाठी होतं असं ही म्हणणार. आणि तसं वाटलं की एखाद्या संध्याकाळी, रागाच्या भरात, ही एक पेला उचलणार. ताई तिच्या जागी असती तर तिनं नक्की उचलला असता.

"मी उभ्यानं चाखते," ती म्हणाली.

"काय?"

"उभ्यानं. बाळ जन्मून त्याचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत खुर्चीत कोणी बसायचं नाही. तोवर जीभ माझी, पण पिंपं ती निवडेल. नुसत्या वासानं. ते चालतं का, हेही डॉक्टरांना विचारून घेऊ. नाही म्हणाल्या तर तेही बंद." मग ती भावाकडे वळली. "आणि तू रे, आजपासून तुझ्या विक्रीच्या पार्ट्यांतून हिच्या हातात कोणी ग्लास देता कामा नये. देणाऱ्याला तू सांगायचंस, तिनं नाही."

तिनं मेळाचा पेला उचलला, घोळवला आणि गिळला. खोली वाट बघत राहिली. ताईचे डोळे मिटलेले. मेळ बिघडलेला निघावा, एवढीच तिची सात वर्षांची इच्छा होती. एखादं पिंप जास्त झालेलं असावं, शेवटी तुरटपणा राहावा, काहीतरी.

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "अगदी बरोबर आहे गं मेले."

बाबा हसले आणि त्यांनी काठी दोनदा आपटली. म्हणजे वर्षाची वाइन पक्की झाली. आई पदराआड नाक शिंकरायला लागली आणि भाऊ बायकोला खाली घेऊन जायला उठला.

धाकटी दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलावर वही तशीच होती. तिनं ताईच्या कोटाच्या खिशातली पेन्सिल ओढून काढली, आजची तारीख घातली आणि पेन्सिल ताईपुढे धरली.

"लिहा."

"काय लिहू?"

"माझा आकडा. शून्य."

ताईनं शून्य लिहिलं. "बास. आता फेकते ही वही."

"फेकू नका," धाकटी म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायचीये. आणि उद्यापासून रोज लिहा. तीस आठवडे आहेत अजून. ह्यांना माझी दया येईल, आई म्हणतील जाऊ दे, बाबा तर मला घोट देऊन खूश व्हायलाच बसलेत." ती थांबली, आणि पहिल्यांदाच जरा हसली. "तुमच्यासारखी पाळत माझ्यावर दुसरं कोण ठेवणार?"

ताईनं पेन्सिल घेतली आणि उद्याची तारीख आधीच घालून ठेवली.